रात्रीची लाईट आणि अंगातली घटिका

(सोनगीर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आधी एक कबुली देऊन टाकतो. आजचा विषय आहे शरीराचा रोजचा ताल, आणि वेळ आहे रात्री साडेआठची. म्हणजे रात्री पांढऱ्याशुभ्र उजेडात बसू नका, हे सांगायला मी तुम्हाला रात्री पांढऱ्याशुभ्र उजेडात बसवलं आहे. मी संयोजकांना विचारून पाहिलं, दुपारी चारला ठेवता येईल का? ते हसले. म्हणाले, "डॉक्टर, दुपारी खुर्च्या येतील, माणसं येणार नाहीत. दिवस कामाचा, रात्र आपली." रात्र आपली. हे दोन शब्द तेवढे धरून ठेवा, शेवटाकडे मला ते लागणार आहेत.

मी हार्मोनचा डॉक्टर. मधुमेह, थायरॉइड ही माझी रोजची दुकानदारी. काही वर्षांपूर्वी याच भागातले एक शेतकरी माझ्याकडे यायचे. पन्नाशीचे, अंगानं काटक, पोट तेवढं जरा पुढे. गोळ्या चुकत नव्हत्या, गोड बंद होतं. तरी साखर अशी, की एका आठवड्यात शहाण्यासारखी आणि पुढच्या आठवड्यात वेड्यासारखी. मी त्यांच्यावर संशय घेतला. लग्नाची पंगत? जिलबी? ते नाही म्हणाले. मग मी डॉक्टरी आवाजात सुनावलं, "वेळेवर जेवा, वेळेवर झोपा," आणि तेच कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद पाहिला, त्याची घडी घातली आणि मला विचारलं, "कोना टाईमवर, डॉक्टर? लाईट ते रातनी शे."

कोणाच्या वेळेवर? वैद्यकीच्या एकाही परीक्षेत मला हा प्रश्न आला नव्हता. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला मी उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आता सुरुवात घड्याळापासून. तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल सोनगीरमध्ये बोलणं म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देणं. तरी एक भांडं असं आहे, जे हल्ली तुमच्याकडेही कोणी मागत नसेल. घटिकापात्र. तांब्याचं पातळ वाडगं आणि त्याच्या बुडाला बारीक छिद्र. ते पाण्यावर सोडायचं. छिद्रातून पाणी आत येतं, वाडगं भरतं, बुडतं. झाली एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. ते काढायचं, उपडं करायचं, पुन्हा सोडायचं. अशा साठ घटिकांचं एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त याच वाडग्यावर साधला जायचा, आणि ज्याच्याकडे ते राखायचं काम असे त्याला डुलकी काढायची सोय नसे.

तुमच्या-माझ्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असंच एक वाडगं आहे. पेशी एक प्रथिन बनवते. ते साठत जातं. पुरेसं साठलं की पेशीच्या केंद्रात शिरतं आणि ज्या जनुकापासून आपण बनलो त्याच जनुकाला सांगतं, आता थांब. मग ते हळूहळू मोडतं, संपतं, आणि जनुक पुन्हा कामाला लागतं. भरलं, बुडालं, रिकामं केलं, पुन्हा सोडलं. फरक इतकाच की या वाडग्याची एक फेरी २४ मिनिटांची नसून साधारण २४ तासांची असते. रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांनी १९७१ मध्ये फळमाशीत हे जनुक हुडकलं. या वाडग्याला पाणी कुठून येतं आणि ते बुडतं कसं, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावते ती. जळगावच्या केळीवाल्यांना तिचा कोण तिटकारा! पण आपल्या वेळेचं गणित तिनंच सोडवून दिलं.

बाहेर चिंच असेल तर जाताना तिच्याकडे बघून जा. आत्ता तिची पानं मिटलेली असतील. चिंचेच्या या मिटण्याची नोंद अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर आलेल्या अँड्रोस्थेनिसनं करून ठेवली आहे, सव्वादोन हजार वर्षांहून आधी. पुढे १७२९ मध्ये दे मेरां या फ्रेंच माणसानं लाजाळूसारखं रोप अंधाऱ्या कपाटात ठेवलं. ऊन नाही, उजेड नाही, तरी पानं सकाळ झाली की उघडायची. म्हणजे पान सूर्याकडे बघून वागत नव्हतं, त्याच्या आतच काहीतरी चाललं होतं. माणसाचंही तसंच. मिशेल सिफ्र १९६२ मध्ये घड्याळ न घेता दोन महिने एका गुहेत राहिला. बाहेर काढलं तेव्हा तारीख होती १४ सप्टेंबर, आणि त्याच्या हिशेबानं होती २० ऑगस्ट. मनाचं पंचांग पंचवीस दिवस मागे पडलं होतं. शरीर मात्र जवळपास २४ तासांच्याच ठोक्यानं झोपत आणि उठत होतं.

जवळपास म्हणालो, कारण आपलं वाडगं जरा रेंगाळतं. हार्वर्डमध्ये १९९९ साली मोजलं तेव्हा सरासरी निघाली २४ तास ११ मिनिटं. रोज अकरा मिनिटं म्हणजे आठवड्याला सव्वा तास. हे घड्याळ रोज कोणीतरी लावावं लागतं, आणि लावतो तो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांना चित्र दिसत नाही, फक्त उजेड किती आहे हे कळतं. विशेषतः निळसर उजेड. त्या ही खबर मेंदूतल्या वीसेक हजार पेशींच्या एका ठिपक्याला देतात. तो ठिपका मुख्य घड्याळ.

मग बाकीच्या पेशी? यकृत, स्वादुपिंड, आतडं, चरबी, सगळ्यांची आपापली घड्याळं आहेत, आणि यकृत उजेडापेक्षा जेवणाकडे जास्त बघतं. भट्टीतून काढलेल्या तापल्या धातूवर दोघं जण आळीपाळीनं घण मारतात, ते आठवा. एकाचा ठोका चुकला तर दुसऱ्याचा घण कुठे पडेल? मेंदूचं घड्याळ उजेडावर आणि यकृताचं जेवणावर. दिवसा दोन्ही एका तालात असतात. रात्री दोन वाजता तुम्ही पोटभर जेवलात, की घण घणावर आपटतो.

आता गावचं एक गणित सांगतो. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत. सोनगीर त्याच्या पश्चिमेला पावणेआठ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे मनगटावर बारा वाजतात तेव्हा सोनगीरच्या सूर्याला बारा वाजायला साधारण ३१ मिनिटं असतात. मुंबईकर या बाबतीत हट्टी निघाले. बहुतेक देशानं १९०६ मध्ये नवी वेळ घेतली, पण मुंबईची महापालिका आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत धरून बसली. आपण तो हट्ट हसण्यावारी नेला. पण मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञानं भारतातली मुलं किती झोपतात ते तपासलं, तेव्हा दिसलं की जिथे सूर्य घड्याळानुसार तासभर उशिरा मावळतो, तिथे मुलं अर्धा तास कमी झोपतात. शाळेची घंटा तर सगळीकडे एकाच वेळी होते ना! ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना हे ऐकायला आवडलं असतं. सकाळच्या शाळेत पेंगणाऱ्या पोरावर त्यांनी कधी पट्टी उगारली नाही, असं मघाशी प्रास्ताविकात सांगितलं गेलं.

आता हार्मोन. यांची अंगात पाळी असते, अगदी गिरणीसारखी. अंधार पडला की मेलाटोनिन येतं. नेहमीच्या झोपेच्या दोनेक तास आधी चढायला लागतं आणि मध्यरात्रीनंतर शिगेला पोहोचतं. १९५८ मध्ये ते हुडकणारा एरन लर्नर त्वचारोगतज्ज्ञ होता. कातडीचा रंग कशानं उजळतो ते शोधायला निघाला आणि रात्रीचा पहारेकरी हाती लागला. रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत वाढीचं हार्मोन येतं. मोडतोड झालेलं दुरुस्त करायचं काम त्याचं, वयात आलेल्यांसाठीसुद्धा. मध्यरात्री कॉर्टिसॉल तळाला असतं. पहाटे ते चढू लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं. पहाटेचं जातं ओढणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना, आसोद्याच्या बहिणाबाईंना, ते बळ पहिल्या ओवीला कोण पुरवत होतं, हे आता तुम्हाला कळलं. पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं. म्हणून लॅबवाला तुम्हाला सकाळीच बोलावतो. दुपारी दिलेलं रक्त दुसऱ्याच माणसाचं वाटावं इतका आकडा वेगळा येतो.

आता हा ताल मोडला तर? शिकागोमध्ये दहा तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं. टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. वयानुसार ते वर्षाला एक-दोन टक्के उतरतं. करा हिशेब. एका आठवड्यात किती वर्षं म्हातारे झाले ते?

आता पोटाकडे येऊ. सात-आठ वर्षांपूर्वी घराघरांत एक वाद रंगला होता, दीक्षित की दिवेकर? दिवसातून दोनदाच खायचं की दर दोन तासांनी? एका घरात सासू दीक्षितांची आणि सून दिवेकरांची असंही मी पाहिलं आहे, आणि जावई दोन्हीकडे जेवत होता. सगळा वाद 'किती वेळा' याचा. 'केव्हा' हा प्रश्न मागच्या बाकावर बसून राहिला. तीच भाकरी, तेवढंच वरण, सकाळी खाल्लं तर साखर कमी चढते आणि रात्री खाल्लं तर जास्त. कारण मेलाटोनिन रक्तात आलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडतं. हार्वर्डच्याच गटानं २००९ मध्ये दहा जणांना २८ तासांचा 'दिवस' लावून त्यांचं जेवण-झोप घड्याळाच्या पार उलट नेलं. जेवणानंतरची साखर नीट मोजता आली ती आठ जणांची. त्यातल्या तिघांची, काही दिवसांतच, मधुमेहाच्या उंबरठ्यावर जाऊन बसली. अन्न तेच होतं हो! फक्त वेळ फिरली.

ओडिशात जन्मलेले सच्चिन पांडा अमेरिकेत संशोधन करतात. त्यांनी उंदरांना सारखंच चरबीचं खाणं दिलं. एका गटाला चोवीस तास, दुसऱ्याला आठच तास. दोघांनी खाल्लं सारखंच. चोवीस तासवाले लठ्ठ झाले, आठ तासवाले झाले नाहीत. हे वाचून निम्म्या जगानं घड्याळ लावून उपास सुरू केले. पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला. खाणं कमी करणारे सगळेच बारीक झाले. आठ तासांत जेवणारे त्यांच्याहून फारसे जास्त बारीक झाले नाहीत. तेव्हा वेळ पाळली म्हणजे वाटेल तितकं हाणायला मोकळीक, असा अर्थ कृपा करून काढू नका.

आणि आपली प्रकृतीही वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलं की आपल्याकडची बाळं जन्मतःच हडकुळी, पण आत चरबी राखून असतात. बाहेरून काटक, आतून चरबीचं कोठार. माझा तो शेतकरी आठवला ना? अशा देहाला रात्रीचं जेवण जास्त महागात पडतं. आपल्याकडे जैन कुटुंबं सूर्यास्तापूर्वी जेवून घेतात, चौविहार पाळतात, ते अहिंसेसाठी. पण स्वादुपिंडावरही त्यातून दया होते. खानदेशात रात्री नुसती खिचडी, हीही चांगली रीत. बिघडलं कुठे? खिचडी आठ वाजताची होती, ती अकराची झाली. आणि मागच्या पिढीला महामार्गावरच्या ढाब्यावर मध्यरात्री शेवभाजी खायची सवय नव्हती.

आता म्हातारपण. पहिल्या ओळीत बसलेले काही जण पहाटे तीनला उठतात, मला माहीत आहे. घरचे म्हणतात, स्वतः झोपत नाहीत, आम्हालाही झोपू देत नाहीत. त्यात दोष त्यांचा नाही. वय वाढतं तसा तालाचा जोर ओसरतो, रात्रीचं मेलाटोनिन कमी होतं आणि घड्याळ पुढे सरकतं. शिवाय डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, मोतीबिंदू येतो. जो निळसर उजेड घड्याळ लावतो, तोच आत पोहोचत नाही. मग आपण काय करतो? आजोबांना मागच्या अंधाऱ्या खोलीत खाट देतो. नेदरलँड्समध्ये वृद्धांच्या बारा निवासांतल्या १८९ जणांवर प्रयोग झाला. काही ठिकाणी दिवसभर छतावरून भरपूर उजेड सोडला. तिथल्यांची बुद्धी जरा हळू घसरली, उदासी कमी झाली. फरक थोडा, पण औषध फुकटचं. आपल्या ओट्यावर तर त्याहून दसपट ऊन फुकट पडलेलं असतं. आजोबांची खाट ओट्यावर आणा. सकाळी.

आयुष्य वाढतं का, हे सगळ्यांना ऐकायचं असतं. एका प्रयोगाबद्दल सांगतो. टेक्ससमध्ये जोसेफ ताकाहाशी यांच्या गटानं उंदरांना तीस टक्के कमी खायला दिलं. ते चोवीस तासांत विखरून खाणारे उंदीर १० टक्के जास्त जगले. तेवढंच खाणं उंदराच्या कामाच्या वेळी, म्हणजे रात्री, मिळालेले ३५ टक्के जास्त. हे २०२२ मधलं आहे. पुन्हा सांगतो, उंदीर! पण खाणं तेच, कमीही तितकंच, आणि नुसत्या वेळेनं एवढं अंतर पडावं, हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. कोणाच्या वेळेवर?

शेतीपंपाला थ्री फेज वीज चोवीस तास नसते. फीडरचं वेळापत्रक असतं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि आळीपाळी बदलत राहते. गव्हाला, कांद्याला बारे द्यायचे तर लाईट येईल तेव्हा उठायचं. थंडीत, ओल्या पायांनी, हातात बॅटरी. एक वाजता मोटर सुरू झाली का बघायचं, डीपीवरून फेज उडाला तर खोळंबून बसायचं, तीनला चहा, चारला भाकरी, उजाडता घरी. शरीराचं घड्याळ नव्या वेळेकडे दिवसाला साधारण एक तास सरकतं. म्हणजे आठ तास सरकायला आठवडा गेला. जुळतं न जुळतं तोच वेळापत्रक फिरतं. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्यातून पुढे विप्रो झाली, आणि आज आपलीच मुलं पुण्यात अमेरिकेच्या वेळेवर जागतात. त्यांच्या कंपन्या या पाळीला निदान रात्रपाळी म्हणतात, भत्ता देतात. नर्सबाईंची रात्रपाळी रजिस्टरवर असते. महामार्गावरच्या ट्रकवाल्याच्या रात्रीची नोंद नाही, आणि बारे देणाऱ्याच्या रात्रीला तर कोणी पाळीही म्हणत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या यादीत घातलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. घाबरवायला सांगत नाही. एखादी रात्र जागण्यानं काही बिघडत नाही. श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, जागरण होतं, जरूर करा. शरीर एक रात्र माफ करतं. आठवड्याआड एक आठवडा माफ करत नाही.

त्या शेतकऱ्याचं पुढे काय केलं? मी आधीचा कागद परत मागून घेतला आणि दोन नवे लिहिले. एक दिवसाच्या लाईटच्या आठवड्याचा, एक रात्रीच्या. रात्रीच्या कागदावर: मुख्य जेवण सात वाजता करूनच निघायचं, पहाटेची भाकरी बंद, चहा बिनसाखरेचा, घरी आल्यावर खिडकीला गोधडी लावून अंधारात झोपायचं, गोळीची वेळही बदललेली. ती वेळ प्रत्येकाची वेगळी, माझा कागद ऐकून कोणी आपली गोळी हलवू नका. साखर सुधारली. पूर्ण नाही. अर्धं काम कागदानं झालं, उरलेलं अर्धं माझ्या हातात नव्हतंच. ते फीडरच्या हातात होतं.

म्हणून म्हणतो, 'लवकर निजा, लवकर उठा' हे प्रवचन मी या सभागृहात करणार नाही. ज्याची रात्र त्याची नाही, त्याला ते काय सांगायचं? शेतीला दिवसा वीज द्यायला २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचं दुसरं पर्व आलं. आपल्या फीडरचं काय झालं, हे विचारायचं काम तुमचं. पुढच्या ग्रामसभेत दिवसाच्या विजेचा ठराव मांडाल, तेव्हा कारणांत साप लिहाल, बिबट्या लिहाल. लिहाच. त्याखाली एक ओळ आणखी लिहा: साखर. वीज कंपनीच्या साहेबांनी विचारलं की साखरेचा आणि लाईटचा काय संबंध, तर डॉक्टरचं पत्र जोडा. त्यावर सही करायला मी येईन. फक्त ग्रामसभा सकाळची ठेवा.